दुरुस्ती असेल तर आत्ताच सांगा

आमच्या घरात कुठलंही भांडण झालं की शेवटी काका एकच प्रश्न विचारायचे. "म्हणजे ठरलं काय?"

टीव्हीचा आवाज, गिझर कोण बंद करणार, मी कॉलेजातून किती वाजता घरी यायचं, काहीही असो. सगळ्यांचं बोलून, ओरडून, दारं आपटून झालं की हे चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, म्हणजे ठरलं काय? आणि तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात यायचं की एवढा वेळ घसा फोडला, पण ठरलं तर काहीच नाहीये.

काकांची नोकरीच ती होती. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जितक्या म्हणून बैठका व्हायच्या त्या सगळ्यांचं इतिवृत्त काका लिहायचे. आपण मिनिट्स म्हणतो ते. पंपवाले, पाइपवाले, मीटरवाले, वर साहेब, सगळे एकमेकांवर खेकसत असायचे आणि टेबलाच्या कोपऱ्यात काका लिहीत असायचे. ऑफिसात त्यांचं नावच 'ठरलंकाय' पडलं होतं. "आज ठरलंकाय रजेवर आहे, मीटिंग उद्या घ्या," असं साहेब खरंच म्हणायचे म्हणे.

मी कॉलेजसाठी काका-काकूंकडे राहायला आले तेव्हा त्यांची दोन्ही मुलं, म्हणजे माझे चुलत भाऊ-बहीण, दादा आणि ताई, आपापल्या घरी गेलेले होते. घरात हे दोघंच. काका न बोलणारे आणि काकू न थांबणारी. काकू शाळेत पीटी शिकवायची. रिटायर झाली तरी शिट्टी गळ्यातच. मला उठवायला शिट्टी, जेवायला बोलवायला शिट्टी. काकांना ती 'अहो सेक्रेटरी' म्हणायची. "अहो सेक्रेटरी, चहा मंजूर झालाय, घेऊन जा."

कॉलेजात मी गॅदरिंगच्या कमिटीत घुसले आणि सगळ्यांनी मिळून मिनिट्स लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी काय, टाइप करत सुटले. फटाफट. चार पानं झाली. काकांना दाखवलं. ते वाचायला लागले आणि त्यांचं पेन पण चालायला लागलं.

"'नाटकवाला वैतागून म्हणाला.' वैतागून कशाला?"

"वैतागलाच होता तो!"

"पण वैताग मंजूर झाला का?"

आतून काकू फिस्सकन हसली.

"हे बघ," काका म्हणाले. "कोण किती बोललं ते लिहायचं नाही. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत करणार. एवढं लिही. उद्या हा नाटकवाला म्हणेल मी म्हणालोच नव्हतो, तेव्हा तुझं पान उपयोगी पडलं पाहिजे."

मग ते शिकवतच सुटले. मी त्यांना एवढं बोलताना पहिल्यांदाच पाहत होते. बसायचं कुठे, तर जिथून सगळ्यांची तोंडं दिसतात तिथे. कागदावर आधी टेबलाचं चित्र काढायचं, कोण कुठे बसलंय ते लिहायचं, म्हणजे आवाज कुणाचा ते नंतर आठवतं. 'बघू', 'करायला हवं', 'असं वाटतं' हे ऐकलं की पेन थांबवायचं आणि तोंडावर विचारायचं. ज्याच्याबद्दल ठरतंय तो माणूस खोलीत नसेल तर त्याला बोलावून आणायला सांगायचं. लिहिणाऱ्याने स्वतः मत द्यायचं नाही, हात चालू असेल तर तोंड बंद. आणि जे कुणी मोठ्याने बोललंच नाही ते लिहायचं नाही, मग खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत असलं तरी.

"आणि शेवटी वाचून दाखवायचं. उठायच्या आधी. मागच्या रांगेतल्यालाही ऐकू गेलं पाहिजे. आणि म्हणायचं, दुरुस्ती असेल तर आत्ताच सांगा."

त्यांनी ते म्हणून दाखवलं. बापरे. एरवी पुटपुटणारा माणूस, पण वाचायला लागला की आवाज थेट पंपहाऊसपर्यंत.

"पुढच्या बैठकीत पहिलं काम तेच," काका म्हणाले. "मागचं वाचायचं, दुरुस्ती विचारायची, मग ते कायम करायचं. कायम झालं नाही तोवर ते नुसता कागद."

काकू दारात आली. "झालं का सेक्रेटरी? हिने तुम्हाला एक प्रश्न विचारला आणि तुम्ही अख्खी नोकरी सांगितलीत. माझ्याशी लग्न ठरलं तेव्हासुद्धा या माणसाने तोंड उघडलं नव्हतं, माहितीये? आमच्या बाबांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का. हे गप्प. शेवटी मीच विचारलं, अहो, होय की नाही? तर मान हलवली. मान!"

"मान हलवणं चालतं," काका म्हणाले. "हात वर करण्यासारखंच आहे."

असं घर होतं ते. मला वाटायचं असंच राहणार.

मग काकूचं पोट दुखायला लागलं. आधी ती म्हणाली ॲसिडिटी. मग जेवण कमी झालं, मग ब्लाउज ढगळ झाले, मग डोळे पिवळे दिसायला लागले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काका आणि दादाला बाहेर पॅसेजमध्ये नेऊन सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलाय. ऑपरेशन करता येईल, थोडे महिने वाढतील कदाचित, पण त्यातले बरेचसे हॉस्पिटलातच जातील. नाही केलं तर दुखणं कमी करत घरी ठेवता येईल. तुम्ही ठरवा म्हणाले.

त्या रविवारी दुपारी सगळे आमच्याकडे जमले. काकू आतल्या खोलीत औषध घेऊन झोपली होती. त्या खोलीचं दार फुगलंय, पूर्ण लागत नाही, बोटभर फट राहतेच. आम्ही बाहेरच्या खोलीत. दादा उभाच होता, ताई सोफ्याच्या टोकावर रुमाल पिळत, मी जमिनीवर. काकांनी पॅड घेतलं. कागदावर चौकोन काढला आणि आम्ही कोण कुठे बसलोय ते लिहिलं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला! म्हटलं, या माणसाला काही वाटतं की नाही?

"ऑपरेशन करायचं," दादा म्हणाला. "प्रश्नच नाही. आणि आईला काही सांगायचं नाही. ती खचेल."

"तिला कळणार नाही का रे?" ताई म्हणाली. "ती काय लहान आहे?"

"खडे झालेत म्हणून सांगू. पित्ताशयात. खड्यांचं ऑपरेशन सगळ्यांचंच होतं."

"आणि तिने रिपोर्ट मागितला तर?"

"ती कधी रिपोर्ट वाचते? ती डॉक्टरलाच सूर्यनमस्कार घालायला लावेल."

आम्ही तिघंही हसलो आणि त्याच हसण्यात रडायला लागलो. काका लिहीत होते. मग त्यांचं पेन थांबलं.

"म्हणजे ठरलं काय?"

हळू विचारलं. अगदी हळू. ठरलं ते असं: ऑपरेशन करायचं, दादा तारीख घेणार, ताई रजा टाकून येणार, काकूला खरं सांगायचं नाही. ज्याच्याबद्दल ठरतंय त्याला खोलीत बोलवा, हे मला शिकवणारा माणूस समोर बसला होता. त्याने ते लिहून घेतलं आणि मीही लिहू दिलं.

सगळे उठायला लागले तसा काकांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. त्याच आवाजात. मागच्या रांगेपर्यंत.

"उपस्थित, चार. ठराव एक. ऑपरेशन करून घेण्यात यावं. ठराव दोन. रुग्णास आजाराचं खरं स्वरूप सांगण्यात येऊ नये, पित्ताशयातील खडे असं सांगावं. दुरुस्ती असेल तर आत्ताच सांगा."

कुणाच्याही लक्षात आलं नाही. खरंच सांगते. तो आवाज आम्हाला घरातल्या पंख्यासारखा झाला होता. ताई नाक पुसत होती, दादा बुटाची नाडी बांधत होता. बोटभर फट असलेल्या दाराशेजारी उभं राहून काकांनी, जे सांगायचं नाही ते, सगळंच्या सगळं खणखणीत वाचून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकूचे केस विंचरत होते. पातळ झाले होते खूप. ती म्हणाली, "काय गं, खडे केवढे आहेत म्हणे?"

"छोटेच आहेत."

"हं. गोट्या खेळता येतील एवढे?"

"त्याहून छोटे."

"मग ठीक," ती म्हणाली आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मीच नजर खाली घातली.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी तिच्या खोलीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागली. गॅलरीतून तिच्या शाळेचं मैदान दिसतं. पोरं रिले धावायचा सराव करतात. आवाज खोल गेला होता तिचा, त्यामुळे आम्हाला बोलवायला शिट्टीच. एकदा फुंकली की पाणी. दोनदा फुंकली की मला कंटाळा आलाय, या. काका ऑफिसातून आले की स्टूल घेऊन शेजारी बसायचे. ती बोलायची, हे ऐकायचे. मी आतून बघायचे. काकांचं एक बोट गुडघ्यावर सारखं हलत असायचं. आधी मला वाटलं थरथरतंय. मग कळलं, ते लिहितायत. ती काय बोलतेय ते गुडघ्यावर लिहून घेतायत.

ऑपरेशनची तारीख मिळाली. पुन्हा रविवार, पुन्हा तेच चौघं, तीच जागा. काकू आत. दादा पैशांचं, गाडीचं सांगायला लागला, तर काकांनी हात वर केला.

"आधी मागचं इतिवृत्त."

"बाबा, हे काय ऑफिस आहे का?" ताई कळवळली.

"वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

आणि वाचलं त्यांनी. सगळं. ठराव एक, ठराव दोन, रुग्णास सांगण्यात येऊ नये. "काही दुरुस्ती?"

आतून शिट्टी वाजली.

एवढी जोरात तिने कित्येक दिवसांत फुंकली नव्हती. दार कुरकुरत उघडलं आणि काकू चौकटीला धरून उभी. गाऊनवर माझा जुना स्वेटर, गळ्यात शिट्टी.

"दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "उपस्थितांमध्ये माझं नाव नाही. मी मागच्या मीटिंगलाही होते. लिहून घ्या."

ताईने धावत जाऊन तिला धरलं. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काकांच्या हातातून पॅड घसरलं.

"आई, तुला कधी... म्हणजे किती..."

"अरे, तुझा बाप कुजबुजतो का कधी? मी काय, शेजारच्यांनाही माहीत असेल." ती खुर्चीत बसली, धाप लागली होती. काकांकडे बघून हसली. "मला सांगायचं तुमच्याने होत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलंत ना?"

"सवय," काका म्हणाले. एवढंच. मला अजून कळलेलं नाही ती सवय होती की काय होतं. मला वाटतं काकांनाही माहीत नसेल.

"बरं. आता मीटिंग मी घेणार. सेक्रेटरी, आज तुम्ही लिहायचं नाही. पेन हिच्याकडे द्या." म्हणजे माझ्याकडे. "तुम्ही लिहीत बसलात की तुमचं तोंड बंद, तुमचाच नियम आहे. आज मला तुमचं तोंड उघडं पाहिजे."

मी पॅड घेतलं. चौकोन काढला. त्या चौकोनाचा बटाटाच झाला. पाच नावं लिहिली.

"मला ऑपरेशन नको," काकू म्हणाली. "नळ्या लावून छताकडे बघत पडायचं नाहीये मला. मला गॅलरी पाहिजे. ती पोरं बॅटन चुकीचं देतात रोज, ते बघत मला ओरडायचंय. हे माझं मत. आता तुम्ही बोला. एकेक जण."

दादा बोलला. भांडलाच. "चान्स आहे ना आई! थोडा असला तरी आहे. तू आम्हाला कधी मॅच अर्धी सोडून देऊ दिलीस?"

"मॅच नाही सोडत रे बाळा. घरच्या मैदानावर खेळते, एवढंच."

तो तिच्या पायाशी येऊन बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. ताई म्हणाली, मी रजा टाकलीच आहे, मग हॉस्पिटलात राहण्याऐवजी इथेच राहते. माझी पाळी आली तर मी नुसती मान हलवली. काकू म्हणाली, "मान चालते. हो ना हो?"

मग ती काकांकडे वळली. "हं. तुमचं काय म्हणणं?"

काकांनी तोंड उघडलं. मी पेन धरून बसले होते. आम्ही सगळे थांबलो. त्यांचे ओठ हलले. हात खिशाशी गेला, खिशात पेन नव्हतं. मग ते बोट गुडघ्यावर हलायला लागलं. काकू त्या बोटाकडे बघत होती. खूप वेळ बघत होती. घाई अजिबात केली नाही तिने. एरवी बससाठीही न थांबणारी बाई.

मग तिनेच हात पुढे करून त्यांच्या बोटावर ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघून, "लिही. यांनी मत दिलं नाही." मग त्यांची नक्कल करत चष्मा नसताना कपाळावर हात नेऊन म्हणाली, "म्हणजे ठरलं काय?"

"घरी," ताई म्हणाली.

मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, पण दुसऱ्या ओळीलाच आवाज फुटला. काकू म्हणाली, "मागच्या रांगेला ऐकू येत नाही!"

ती घरीच राहिली. ताई आली, नर्स यायची, औषधं वाढत गेली. शेवटी गॅलरीत उचलून नेताना ती लहान मुलीसारखी हलकी लागायची. काकांनी ऑफिसातून रजा घेतली, साहेबांनी खरंच मीटिंगा पुढे ढकलल्या. एका दुपारी, खाली शाळा सुटायचा गोंगाट चालू असताना, ती गेली. काका शेजारी स्टुलावर होते. बोट गुडघ्यावर चालूच होतं. ती बोलायची थांबल्यावरही थोडा वेळ चालूच होतं. मी ते पाहिलंय, आणि ते मला आयुष्यभर दिसणार आहे.

मग काही आठवड्यांनी दादा आणि ताई पुन्हा आले. काकूच्या वस्तूंचं काय करायचं, काकांनी एकट्याने इथे राहायचं का दादाकडे जायचं, असलं सगळं होतं. मी चहा ठेवला. काका कपाटातून पॅड घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं.

"मागचं इतिवृत्त कायम करायचं राहिलंय."

"बाबा, प्लीज," दादा म्हणाला. "आता कशाला ते?"

"वाच," काका मला म्हणाले.

मी वाचलं. उपस्थित, पाच. ऑपरेशन करायचं नाही. घरी राहायचं. अमक्याने हे करायचं, तमक्याने ते. बटाट्यासारखा चौकोन, त्यात तिची खुर्ची. या वेळी मी जोरात वाचलं. मागच्या रांगेसाठी वाचलं.

"काही दुरुस्ती?"

आम्ही चौघांनीही आतल्या दाराकडे बघितलं. ठरवून नाही. मान आपोआप वळली. शिट्टी तिथेच खिळ्याला होती.

"आहे," काका म्हणाले.

ताईने कप खाली ठेवला.

"माझ्यापुढे मत दिलं नाही असं लिहिलंय. मी दिलं होतं."

"बाबा," ताई हळूच म्हणाली, "तुम्ही काही बोलला नव्हतात हो."

"मनात म्हणालो होतो."

"काय म्हणाला होतात?"

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले, जसं काही बोटांना गप्प बसवायचं होतं.

"जाऊ नकोस, म्हणालो होतो."

मला राहवलं नाही. मी पेन उचललं, 'मत दिलं नाही' यावर काट मारली आणि लिहायला लागले. 'जाऊ' एवढं लिहून झालं आणि काकांनी कागदावर पंजा ठेवला.

"नको. ऐकू आलं नाही ते लिहायचं नाही."

"पण काका, आत्ता बोललात ना तुम्ही! आत्ता आलं की ऐकू! आम्ही सगळ्यांनी ऐकलं!"

"जिला ऐकू यायला हवं होतं ती उपस्थित नाही," काका म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. मी मारलेल्या काटेखाली तेच तीन शब्द पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिले, मत दिलं नाही. शेजारी सही केली. मग चष्मा नीट केला, उभे राहिले आणि त्यांच्या त्या आवाजात, बंद न होणाऱ्या त्या दारातून आत, गॅलरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले,

"दुरुस्ती नाही. इतिवृत्त कायम."